टोटल लॉस गाडी : आधी आरसी बघा, मग पत्रा

पत्र

नमस्कार सर,

मी कराडला राहतो, वय ३४, पतसंस्थेत नोकरीला आहे. घरी आई, पत्नी आणि सहा वर्षांची मुलगी. पत्नी शिक्षिका आहे, रोज हायवेने स्कूटरवर उंब्रजला जाते. पावसाळ्यात जीव टांगणीला लागतो, म्हणून चारचाकीसाठी सव्वातीन लाख बाजूला ठेवलेत. माझ्या मावसभावाचं मलकापूरला गॅरेज आहे. विमा कंपन्यांनी टोटल लॉस धरलेल्या, म्हणजे दुरुस्ती परवडत नाही असं ठरवलेल्या, अपघाती गाड्यांचा ऑनलाइन लिलाव त्यानेच मला दाखवला. २०२१ ची पेट्रोल हॅचबॅक आहे, पुणे पासिंग, ३८ हजार किलोमीटर चाललेली, भिवंडीच्या यार्डात उभी आहे. यादीत ‘समोरून अपघात, एअरबॅग उघडलेल्या, आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत) ४ लाख ६० हजार, आरसी : प्रक्रियेत’ एवढंच लिहिलंय. बोली सध्या १ लाख ३५ हजारांवर आहे. भाऊ म्हणतो, दीड लाखात उभी करून देतो. बाजारात अशी गाडी सहाच्या आसपास जाते, म्हणजे निम्म्या किमतीत गाडी झाली. मी दहा हजार अनामत भरली आहे, लिलाव शुक्रवारी बंद होतोय. पत्नी मात्र नको म्हणते.

आणखी दोन गोष्टी विचारायच्या आहेत. दोन वर्षांनी गाडी विकली, तर ती टोटल लॉस होती हे सांगावंच लागतं का? आणि लिलावाच्या ग्रुपवरचा एक एजंट म्हणतो, ‘गाडी बिनधास्त घ्या. दुरुस्तीचं जमलं नाही, तर नुसती आरसी आणि चासी नंबरचा तुकडा मला द्या, रोख ऐंशी हजार देतो.’ यात काही अडचण आहे का? गाडीचे फोटो सोबत पाठवतोय.

— कराडचा एक वाचक

उत्तर

शुक्रवार जवळ आहे, म्हणून निर्णय आधी सांगतो आणि कारणं नंतर. या गाडीवर बोली लावू नका. आणि त्या एजंटशी आजपासून एकही शब्द बोलू नका. त्याची गोष्ट पुढे सविस्तर सांगतो, कारण तुमच्या पत्रातला सगळ्यात धोक्याचा भाग तोच आहे आणि तुम्ही तो शेवटी, जाता जाता विचारलाय.

फोटो मी मोठे करून पाहिले. बोनट दुमडलंय, बंपर गेलाय, रेडिएटर इंजिनावर चढलाय. दिसायला हे भयंकर आहे, पण मोटार सर्व्हेच्या, म्हणजे विम्यासाठी गाडीचं नुकसान मोजण्याच्या, कामात इतकी वर्षं गेल्यावर अशा फोटोने मी घाबरत नाही. बोल्टवर बसलेली वस्तू काढता येते, नवी लावता येते. मी थांबलो ते डाव्या बाजूच्या फोटोपाशी. पुढचं डावं चाक आपल्या जागी नाही. ते मागे सरकून दाराच्या बाजूला टेकायला आलंय. आता त्याच बाजूची दोन्ही दारं जिथे मिळतात ती उभी फट बघा. चांगल्या गाडीत ती वरपासून खालपर्यंत सारखी असते. इथे पुढच्या दाराची कड मागच्या दारावर चढलीय. म्हणजे मार बंपरवर संपला नाही. तो चासी लेगमधून (इंजिनाच्या दोन्ही बाजूंच्या लांब दांड्या), एप्रनमधून (चाकावरचा आतला पत्रा) मागे गेला आणि दाराच्या बिजागऱ्या ज्या पिलरवर असतात तो पिलर त्याने मागे ढकलला. गाडीचा सांगाडाच हललाय.

दुसरा फोटो मागच्या उजव्या दिव्याचा. तो कदाचित तुम्ही पाहिलाही नसेल, कारण मागच्या बाजूला काही लागलेलंच नाही. पण काचेच्या आत बघा, तळापासून पेरभर उंचीवर एक आडवी तपकिरी रेघ आहे. खाली गाळाचा पातळ थर, वर स्वच्छ. अपघात समोरून झाला, मग मागच्या दिव्यात गाळ कुठून आला? यार्डात पाऊस खाल्लेल्या गाडीच्या दिव्यात दव धरतं, अशी सरळ रेघ उमटत नाही. एवढ्या उंचीवर रेघ येते तेव्हा पाणी आत सीटपर्यंत गेलेलं असतं. धडकेनंतर गाडी ओढ्यात गेली असेल, नाहीतर कुठल्या तरी तळघरात बुडाली असेल, ते फोटोवरून सांगता येणार नाही. यादीत पाण्याचा उल्लेख नाही एवढं मात्र नक्की.

तुम्ही कृष्णा-कोयनेच्या संगमावर राहता, २०१९ चा पूर तुम्हाला मी सांगायला नको. पाण्यातून निघालेली गाडी धुऊन, पुसून, अत्तर मारून आठवडाभरात चकाचक होते. आतलं वायरिंग मात्र तेव्हापासून सडायला लागतं. कनेक्टरमध्ये हिरवट गंज धरतो आणि चार-सहा महिन्यांनी त्रास सुरू होतो. आज पॉवर विंडो बंद, उद्या स्टेअरिंग जड, परवा भर रस्त्यात इंजिन बंद. बऱ्याच गाड्यांत एअरबॅगचा कंट्रोल बॉक्स गिअर लिव्हरच्या पुढे, अगदी फरशीलगत असतो. सीटपर्यंत पाणी आलं म्हणजे तो आधीच बुडाला. पुढे कधी अशी गाडी समोर आली, तर सीट बेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढून बघा. साफ करणारा माणूस हातभर बेल्ट पुसतो, आत गुंडाळलेल्या भागावर चिखलाचा डाग तसाच राहतो. सीटची रूळपट्टी आणि गालिच्याखालचा पत्रा हाताने चाचपा. यार्डात जाऊन गाडी बघायची मुभा बहुतेक लिलावांत असते. गाडी न बघता नुसत्या फोटोवर बोली लावणं मला पटत नाही, मग ती कितीही स्वस्त असो. अटींत ‘जशी आहे, जिथे आहे’ असं लिहिलेलं असतं. पैसे भरल्यावर काहीही निघालं, तरी तुम्हाला दाद मागता येत नाही.

आता हिशेबाकडे येतो, कारण ‘निम्म्या किमतीत गाडी’ हे वाक्य तुमच्या डोक्यात पक्कं बसलंय.

विमा कंपनी गाडी टोटल लॉस कधी धरते? गाडी आणण्याचा आणि दुरुस्तीचा मिळून खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला की. आयडीव्ही ४ लाख ६० हजार, त्याचे ७५ टक्के ३ लाख ४५ हजार. म्हणजे कंपनीच्या वर्कशॉपने आणि सर्व्हेयरने मिळून या गाडीचा खर्च निदान एवढा काढलेला आहे. तुमचा भाऊ तीच गाडी दीड लाखात उभी करणार. मधले दोन लाख कुठे गेले, हा प्रश्न त्याला विचारा.

त्यातला काही फरक प्रामाणिक असतो, हेही सांगतो. वर्कशॉपची मजुरी जास्त असते. तिथे सगळे पार्ट नवे आणि कंपनीचे लागतात. जो पत्रा मलकापूरचा चांगला डेंटर ठोकून सरळ करेल, तो तिथे थेट बदलतात. एवढ्याने लाखभर रुपये वाचू शकतात. पण या गाडीच्या दोन्ही एअरबॅग फुटल्यात. एअरबॅग फुटली की नुसती पिशवी बदलून भागत नाही. कंट्रोल बॉक्स बदलावा लागतो. पुढचे दोन्ही सीट बेल्टही बदलावे लागतात, कारण धडकेच्या क्षणी बेल्ट आवळणारं यंत्र एकदाच चालतं. शेजारच्या सीटसमोरचा डॅशबोर्ड फाटतो. तुमच्या फोटोत त्या बाजूची समोरची काचही आतून तडकलेली दिसतेय. हे सगळं नवं घेतलं, तर भावाच्या दीड लाखाचा मोठा हिस्सा इथेच संपतो, आणि पत्र्याला अजून हात लागलेला नसतो.

म्हणून काही गॅरेजवाले काय करतात ते ऐका. फाटलेल्या डॅशबोर्डला आतून पट्टी लावून, वरून पुटी आणि रंग मारून तो सपाट करतात. स्टेअरिंगवर नुसतं झाकण बसवतात. एअरबॅगच्या कनेक्टरमध्ये चार आण्याचा रेझिस्टर घालतात, म्हणजे गाडीला वाटतं एअरबॅग जागेवर आहे आणि मीटरमधला लाल दिवा लागत नाही. गाडी हुबेहूब आधीसारखी दिसते. धडक झाली की मात्र स्टेअरिंगमधून काहीच बाहेर येत नाही. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझायला हवा. लागलाच नाही तर दिवाच काढलेला आहे. लागून विझला तरी रेझिस्टरची शंका उरतेच, त्यासाठी स्कॅनर लावून आणि डॅशबोर्ड उघडून बघावं लागतं. तुमचा भाऊ असं करेल असं मी म्हणत नाही. पण दीड लाखाच्या आकड्यात एअरबॅग, बेल्ट आणि कंट्रोल बॉक्स नवे धरलेत का, हे त्याने सांगितलं पाहिजे. सेकंडहँड एअरबॅग लावतो म्हणाला, तर ‘नको’ म्हणा. ती कुठल्या गाडीतून निघाली आणि पाण्यात होती का, हे त्यालाही माहीत नसतं.

सांगाड्याचं काम याहून अवघड. हल्लीच्या गाड्यांचे पिलर आणि चासी लेग जास्त ताकदीच्या पोलादाचे असतात. ते गॅसने तापवून, ओढून सरळ केले की दिसायला सरळ होतात, ताकद मात्र गेलेली असते. हे काम जिगवर, म्हणजे मापाच्या पोलादी चौकटीवर, गाडी बांधून, मापं घेऊन, कंपनीने सांगितलेल्या जागी कापून-जोडूनच करावं लागतं. भावाकडे जिग आहे का? नसेल, तर तो कितीही हुशार कारागीर असला तरी हे काम त्याच्या गॅरेजचं नाही. चाक एकदा मागे गेलेली गाडी नंतर अलाइनमेंट धरत नाही आणि टायर एका कडेने झिजवते, हे त्यालाही अनुभवाने ठाऊक असेल.

या गाडीतून कोण जाणार आहे? तुमची पत्नी, रोज, कराड ते उंब्रज, पुणे-बेंगळुरू हायवेवरून, शेजारून कंटेनर जात असताना. मागच्या सीटवर कधी मुलगी. स्कूटरपेक्षा सुरक्षित म्हणून तुम्ही गाडी घेताय ना? वहिनींचं ‘नको’ घरात सगळ्यात शहाणं मत आहे, असं मला मनापासून वाटतं.

लिलावाचा बाकी खर्चही मोजा. बोली १ लाख ३५ हजारांवर आहे, पण ती तिथे राहणार नाही. खरी बोली शेवटच्या काही मिनिटांत चढते, आणि शेवटच्या क्षणी कुणी बोली लावली की अनेक ठिकाणी वेळ आपोआप वाढते. समोर रोजचा व्यापारी बसलेला असतो. कुठला पार्ट कितीला जाईल हे त्याला पाठ असतं. जिथे तो थांबतो त्याच्या वर तुम्ही गेलात, तर बहुधा तुम्हीच जास्त दिलेले असतात. त्यावर लिलाव कंपनीची फी, फीवर १८ टक्के जीएसटी, मुदतीत गाडी उचलली नाही तर यार्डाचं दिवसाचं भाडं, भिवंडीहून कराडपर्यंतचा टोइंगचा खर्च, आरटीओ, नवा विमा, जुनी चलनं. सगळ्यात मोठी बोली तुमची असली तरी विमा कंपनीची मंजुरी यावी लागते, तोवर पैसे अडकून राहतात. माझ्या अंदाजाने ही गाडी नीट, प्रामाणिकपणे उभी करायची तर साडेचारच्या पुढे जाईल. आणि इतकं करून तुमच्या हातात सहा लाखांची गाडी नसेल, पाण्यात गेलेली आणि सांगाडा जोडलेली गाडी असेल. जाणकार गिऱ्हाईक तिला सहा देत नाही.

आता कागद. इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण पत्र्याची चूक पैशाने भरून निघते, कागदाची निघेलच असं नाही.

सॅल्व्हेजच्या, म्हणजे टोटल लॉस गाड्या विकण्याच्या, धंद्यात गाड्या दोन तऱ्हेच्या असतात, ‘विथ आरसी’ आणि ‘विदाउट आरसी’. दुसऱ्या तऱ्हेत मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ खाली गाडीची नोंदणी रद्द झालेली असते किंवा होणार असते. अशी गाडी पार्टसाठी किंवा भंगारासाठीच घ्यायची, ती रस्त्यावर परत येत नाही. तुमच्या यादीत ‘आरसी : प्रक्रियेत’ लिहिलंय. प्रक्रियेत म्हणजे कशाच्या? आरसी मालकाकडून यायची आहे, की रद्द व्हायला गेली आहे? या दोन शब्दांवर गाडीची किंमत लाखाने बदलते. लेखी उत्तर मिळेपर्यंत ती ‘विदाउट आरसी’ आहे असंच धरून चालायचं. वाहन पोर्टलवर किंवा एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून नोंदणी चालू आहे का, कर्जाचा बोजा आहे का, चलनं किती आहेत, एवढं तुम्ही आजच पाहू शकता.

आरसी चालू असली तरी पुढचा टप्पा आहेच. विमा कंपनी गाडी स्वतःच्या नावावर करून घेत नाही. ती मूळ मालकाच्या सह्या नाव बदलण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर घेऊन ठेवते आणि गाडी पुढे विकते. म्हणजे आरटीओच्या दप्तरी गाडी अजून पुण्याच्या त्या अनोळखी गृहस्थांच्याच नावावर असते. गाडीवर कर्ज होतं, तर बँकेचा फॉर्म ३५ आणि ना हरकत पत्रही लागतं. सही जुळली नाही किंवा ओटीपी त्यांच्या मोबाइलवर गेला, तर त्यांना शोधत फिरायची वेळ तुमच्यावर येते. त्यांचे पैसे विमा कंपनीकडून मिळून गेलेले असतात, त्यांना तुमचा फोन उचलायचं कारण नसतं. कायद्याने घेणाऱ्याने ३० दिवसांच्या आत नाव लावून घ्यायला हवं. अपघातग्रस्त गाडी तेवढ्या दिवसांत रस्त्यावर तरी येते का?

नाव न लावता गाडी चालवण्याचे परिणाम दोन्ही बाजूंना भोगावे लागतात. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये निकाल दिला. त्या प्रकरणात गाडी एकामागून एक हातांत गेली होती आणि अपघाताच्या वेळी नोंद जुन्याच मालकाच्या नावावर होती. भरपाईची जबाबदारी त्या नोंदणीकृत मालकावर आली. हे वाचणाऱ्यांपैकी ज्यांची गाडी कधी टोटल लॉस होऊन कंपनीने नेली असेल, त्यांनी एकदा वाहन पोर्टलवर आपला जुना नंबर टाकून बघावा. गाडी अजून तुमच्याच नावावर फिरत असेल, तर विमा कंपनीला आणि आरटीओला आजच लेखी कळवा.

विम्याचंही तसंच. टोटल लॉसचे पैसे दिले की जुनी पॉलिसी तिथेच संपते. नवी घ्यायला जाल तेव्हा कंपनी गाडी तपासते. थर्ड पार्टी विमा मिळेल, तो घ्यावाच लागतो. पण स्वतःच्या नुकसानीचा विमा द्यायला कंपनी का-कू करू शकते. बँक अशा गाडीवर सहसा कर्ज देत नाही.

अमेरिकेत अशा गाडीच्या मालकीपत्रावरच ‘सॅल्व्हेज’ किंवा दुरुस्तीनंतर ‘रीबिल्ट’ असा शिक्का बसतो. ब्रिटनमध्ये २०१७ पासून अशा गाड्यांची वर्गवारी ए, बी, एस, एन अशी आहे, त्यात एस म्हणजे सांगाड्याला मार लागलेली. आपल्या आरसीवर असा कुठलाही शिक्का येत नाही. टोटल लॉस झालेली गाडी दुरुस्त होऊन परत आली, तर तिची आरसी शेजारच्या धडधाकट गाडीच्या आरसीसारखीच दिसते. त्या एजंटचा धंदा याच फटीत चालतो.

तो ऐंशी हजार कशाचे देतोय, याचा तुम्ही विचार केलात का? आरसी हा कागद आहे आणि चासी नंबर हा पत्र्यावर ठोकलेला आकडा. गाडीशिवाय दोन्हींची किंमत शून्य. मात्र त्याच मॉडेलची, त्याच रंगाची दुसरी गाडी हातात असेल तर नाही, आणि ती गाडी चोरीची असते. तिचा चासी नंबर घासून काढतात आणि तुमच्या गाडीचा नंबर तिथे ठोकतात, किंवा तुमच्या गाडीतून कापलेला तुकडाच वेल्ड करतात. मग तुमची आरसी, तुमचा नंबर आणि कुणाची तरी रात्रीत उचललेली गाडी मिळून एक ‘स्वच्छ’ गाडी तयार होते. ती एखाद्या तुमच्यासारख्याच नोकरदाराला विकली जाते. पोलीस आले की त्याची गाडीही जाते आणि पैसेही. नवी मुंबई पोलिसांनी २०२१ मध्ये पकडलेलं एक प्रकरण याच जातीचं होतं. पावसाच्या पाण्यात बुडाल्यामुळे भंगार म्हणून विकल्या गेलेल्या कोऱ्या गाड्या, चासी नंबरात फेरफार करून, वेगवेगळ्या राज्यांत नोंदवून विकल्या गेल्या होत्या.

यात तुमचं काय? लिलावात तुमचा आधार आहे, पॅन आहे, बँक खातं आहे. त्या चासी नंबरचा माग काढत पोलीस निघाले की पहिला पत्ता तुमचा सापडतो. एजंटचं ग्रुपवरचं नाव तोवर बदललेलं असेल. ‘मी फक्त कागद दिले’ हे उत्तर चालत नाही. आणि पोलीस आले नाहीत तरी ज्याची गाडी चोरीला गेली आणि ज्याला ती विकली गेली, अशा दोन घरांचं नुकसान तुमच्या सहीने झालेलं असेल. त्याचे मेसेज पुसू नका, स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि कराड शहर पोलीस ठाण्यात जाऊन दाखवा. तुम्ही काहीही दिलेलं नाही तोवर हे जाऊन सांगणं सोपं आहे.

पुढे विकताना सांगावं का, या प्रश्नाचं उत्तर ‘हो’. विचारलं तर सांगेन, असंही नाही. आपण होऊन, विक्रीच्या कागदावर लिहून सांगायचं : गाडी अमुक साली टोटल लॉस झाली, अमुक काम केलं, ही बिलं. लपवून विकणं ही फसवणूक आहे आणि तिच्यावर फौजदारी होऊ शकते. पण तुमच्या प्रश्नात मला दुसरंच काही दिसतं. गाडीचा इतिहास सांगितला तर ती विकणार नाही, असं तुम्हाला आजच वाटतंय. मग अशी गाडी तुमच्या स्वतःच्या दारात कशाला हवी?

लिलावातली प्रत्येक गाडी वाईट असते असं मात्र समजू नका. आयडीव्ही दरवर्षी घसरते, पार्टच्या किमती घसरत नाहीत. त्यामुळे आठ-नऊ वर्षांच्या गाडीची दोन दारं, डिकी आणि मागची काच गेली, तरी खर्च ७५ टक्के ओलांडतो आणि ती टोटल लॉस ठरते. तिचा सांगाडा शाबूत, एअरबॅग शाबूत, इंजिन एका इशाऱ्यात सुरू. ‘विथ आरसी’ असेल, मालकाच्या सह्या झालेल्या असतील आणि तुमच्या भावासारखा घरचा डेंटर असेल, तर ती घ्यायला माझी ना नाही. चोरीला जाऊन सापडलेल्या, नुसती चाकं आणि म्युझिक सिस्टीम गेलेल्या गाड्याही कधी येतात. अशा गाडीची वाट बघायला संयम लागतो आणि यार्डात जाऊन गुडघ्यावर बसावं लागतं.

तुम्हाला मात्र गाडी या पावसाळ्याआधी हवीय. सव्वातीन लाखांत एका मालकाची, २०१५ ते २०१७ ची, पेट्रोल हॅचबॅक कराड-सातारा-सांगलीत मिळते. ती या गाडीपेक्षा जुनी असेल, दिसायलाही साधी. मालकाच्या घरी जाऊन घ्या, ज्या वर्कशॉपमध्ये सर्व्हिस झाली तिथला रेकॉर्ड मागा, विम्याचे क्लेम झालेत का ते पॉलिसीच्या कागदावर बघा. दोन एअरबॅग असलेलंच मॉडेल निवडा, कारण त्या वर्षांत स्वस्त मॉडेलमध्ये त्या सक्तीच्या नव्हत्या. तीन लाखांत सौदा करा आणि उरलेले पंचवीस हजार नाव बदलणं, विमा आणि गरज असेल तर टायर यांसाठी हातात ठेवा.

भाऊ दुखावेल, ही काळजी पत्रात लिहिली नाहीत तरी ती आहेच. त्याला नकार देऊ नका, काम द्या. ही नवी गाडी बघायला त्यालाच सोबत न्या. दारांच्या फटी, बोनटखालचं वेल्डिंग, इंजिनचा आवाज त्याच्याइतकं तुम्हाला कळणार नाही. आणि भिवंडीच्या गाडीबद्दल तो अडून बसला, तर त्याला एवढंच म्हणा, ‘दीड लाखाचा अंदाज पार्टवार लिहून दे. एअरबॅग, कंट्रोल बॉक्स, बेल्ट, चासी लेग, पिलर, वायरिंग, प्रत्येकासमोर किंमत.’ चांगला कारागीर लिहायला बसला की निम्म्यावरच स्वतः म्हणतो, नको ही गाडी.

राहिली दहा हजारांची अनामत. बोली जिंकली नाही तर ती अटींप्रमाणे परत मिळते. जिंकून मागे फिरलात तर ती जप्त होते, म्हणून शुक्रवारी ‘बघू तरी’ म्हणूनसुद्धा बटण दाबू नका. आणि आजच एक गोष्ट तपासा. अनामत कुठल्या खात्यावर भरली, लिलाव कंपनीच्या की कुण्या व्यक्तीच्या? विमा कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन करून, हा लिलाव आणि हा लॉट नंबर तुमचाच का, असं विचारा. लिलावाच्या नावाने खोटी पानं काढून अनामत गोळा करणारेही आहेत. खातं एखाद्या व्यक्तीचं निघालं किंवा कंपनी ‘असा लॉट नाही’ म्हणाली, तर वाट न बघता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. या तक्रारीत तास महत्त्वाचे असतात, पैसे पुढच्या खात्यात जायच्या आत गोठवता आले तरच परत मिळतात.